मॉडेल आयटम्सने डिटेलिंग: सहा-सात महिने वापरून झाल्यावर

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमधलं मॉडेल आयटम्स हे टूल बरेच जण एकदाच दाबून बघतात, सगळ्या व्ह्यूवर मापांचा नुसता पसारा पडतो आणि लगेच अंडू मारून स्मार्ट डायमेन्शनने हाताने मापं. मी भोसरीत फिक्स्चर (जॉब जागेवर धरून ठेवणारं साधन) डिझाइनला आहे आणि आता डिटेलिंग (ड्रॉइंगवर मापं देणं) शक्यतो यानेच करतोय, म्हणजे मॉडेलच्या स्केचला दिलेलीच मापं ड्रॉइंगमध्ये खेचायची.

सगळ्यात जास्त सुख टॉलरन्सचं, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचं. लोकेटिंग पिनच्या १२ च्या होलला मॉडेलमध्येच एच७ (होलच्या टॉलरन्सचा स्टँडर्ड वर्ग) लावून ठेवलं की शीटवर +०.०१८ सकट येतं, उद्या पिन २० ची झाली तर तेच +०.०२१ होतं, कोणाला टाइप करायला नको. शिवाय फिलेट-चॅम्फर टाकल्यावर, म्हणजे कडा गोल किंवा तिरक्या केल्यावर, मूळ कडा गायब होऊन मापं लटकतात ना, तो त्रास बराच कमी.

पण खरी गोची स्केचमध्येच आहे. आपण डिझाइन करताना सिमेट्री बघतो, ओरिजिन मध्ये, दोन डॉवेल पिनमध्ये सेंटर टू सेंटर १४०, झालं स्केच फुली डिफाइंड. व्हीएमसीवाला (सीएनसी मिलिंग मशीनचा ऑपरेटर) झीरो घेणार प्लेटच्या कोपऱ्यावर, त्याला दोन्ही कडांपासून मापं पाहिजेत, तो तुमचे १४० घेऊन काय करणार? म्हणून आता स्केच काढतानाच डेटम (जिथून मापं मोजायची ती जागा) कोणता ते ठरवतो आणि मापं तिथून देतो. डिझाइनला थोडा जास्त वेळ जातो हे खरंय, पण डिटेलिंगला तो भरून निघतो. नुसती बांधणीपुरती मापं असतील त्यांचं 'मार्क फॉर ड्रॉइंग' स्केचमध्येच काढून टाकायचं.

पूर्ण मॉडेल कधीच घेऊ नका, सोर्सला सिलेक्टेड फीचर ठेवून एकेक क्लिक करा, आणि माप चुकीच्या व्ह्यूवर पडलं तर शिफ्ट धरून ओढलं की दुसऱ्या व्ह्यूवर जातं, हे आमच्या इथल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

एक सांभाळा, आणलेल्या मापावर डबल क्लिक करून आकडा बदलला तर पार्टच बदलतो, तीच प्लेट दुसऱ्या असेंब्लीत असेल तर तिथेही. ज्युनियर पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगावं, आणि इन्स्टॉल करताना ड्रॉइंगमधून पार्ट बदलणं बंद करायचा ऑप्शन येतो, आयटीवाल्याला तो निवडायला लावा. डिफॉल्ट कलर ठेवले असतील तर मॉडेलची मापं काळी आणि शीटवर दिलेली करडी दिसतात, तेवढं बघून हात लावायचा.

कस्टमरकडून स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी, नुसत्या आकाराची फाइल) आली असेल तर मात्र हे सगळं विसरा, आत स्केचच नसतं, तिथे मापं हातानेच द्यायची.