सोलापूरच्या गच्चीवर ग्रो बॅग: जून ते मे वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये घेतलेल्या एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) ग्रो बॅगांनी, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्यांनी, सोलापूरचा मे महिनाही काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बॅग टिकाऊ आहेत. शिवण कुठे उसवली नाही, रंग तेवढा उडालाय. पण घेताना मापाकडे लक्ष द्या. १२ बाय १२ इंचाच्या बॅगेत साधारण २२ लिटर माल बसतो, १५ बाय १५ च्या बॅगेत जवळजवळ त्याच्या दुप्पट. किमतीत थोडाच फरक, पण टोमॅटो-वांग्याला तो फार मोठा. लहान बॅगेत मेथी, पालक, कोथिंबीर आणि फार तर एखादी मिरची.

भरण्यासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि माती सारख्या प्रमाणात घेतली, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा धुवून पिळून घेतली, कारण त्यात क्षार असतात. ऑनलाइन मागवलेलं गांडूळखत मात्र निम्मं खडे-मातीच निघालं. पुढचं पोतं ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलं, स्वस्तही पडलं.

नवख्या माणसाला पहिलं पीक मेथीचंच घ्यायला सांगेन. स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे चालतात, तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याच्या आत भाजी ताटात येते. एवढ्या लवकर काहीतरी हाती आलं की पुढचं धाडस होतं. कोथिंबिरीला जरा दम लागतो. धने चपलेखाली रगडून दोन फाका करून पेरायचे, आणि उन्हाळ्यात तिच्या नादी लागायचं नाही, लगेच फुलावर येते. सासूबाई बार्शीकडच्या, शेतात वाढलेल्या. पहिल्यांदा बॅगा बघून म्हणाल्या, "अगं, कुंड्यांत कुणाचं पोट भरतं का?" मी म्हटलं, "आई, पोट नाही, फोडणीपुरतं तरी होईल." मेथी खुडायला मात्र त्याच आधी बसल्या.

खरा फरक पाणी देण्यात पडला. कोकोपीट वरून कोरडं, फिकट दिसतं आणि आत चिंब असतं. पावसाळ्यात तर फारच फसवं. आता पेरापर्यंत बोट घालून बघते आणि बॅग एका बाजूने जरा उचलून बघते. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर झारी खाली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ही सवय दुहेरी कामाची. सुरुवातीला पान जरा पिवळं पडलं की फोटो काढून नर्सरीवाल्या काकांना पाठवायचे. ते बिचारे दर वेळी एकच विचारायचे, "खालचं पान आहे की वरचं?" खालची जुनी पानं पिवळी होणं बहुतेकदा साधंच, हे त्यातून कळलं. मिरचीची शेंड्याकडची पानं आक्रसून वाटीसारखी वळली तेव्हा फोटो न पाठवता पान उलटं करून पाहिलं. फुलकिडे होते, पानाचा रस शोषणारे बारीक किडे. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत एकदा. पानांचा चुरडा-मुरडा आटोक्यात आला.

दोडक्याबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. वेल तारेवर छान चढला, पिवळी फुलं भरपूर, पण बोटाएवढे दोडके पिवळे पडून गळायचे. आधी येतात ती नर फुलं, घोसात. मादी फूल एकेकटं, देठाशी इवलासा दोडका घेऊनच येतं. आणि हे फूल उमलतं संध्याकाळी, दिवस कलायला लागल्यावर. आमच्या चौथ्या मजल्यावर त्या वेळी ना मधमाशी ना पतंग, म्हणजे मादी फुलाला पराग मिळतच नव्हता. मग ऑफिसातून आलं की चहाच्या आधी गच्चीवर. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि परागाची पिवळी पूड मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवायची. जमलं की तीनच दिवसांत तो इवला दोडका लांबलेला दिसतो, शिरा उठून येतात. कारल्याचं उलट, ते सकाळी फुलतं, आणि तिथे माश्या आपलं काम करून जातात.

उन्हाळ्यात बॅगेची बाजू हाताला चटका देते, त्यात मुळं शिजतात. हिरवी जाळी बांधली, बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि वर वाळक्या पाल्याचं आच्छादन दिलं. तरी टोमॅटोची फुलं एप्रिलपासून गळतातच, त्यावर औषध शोधत बसू नका. टोमॅटो सप्टेंबरात लावा. भेंडी आणि गवार मात्र या उन्हात खूश असतात. भेंडी एक दिवसाआड तोडायची, नाहीतर शिरा धरते.

दोन सूचना. ओल्या मालाची मोठी बॅग चाळीस किलोच्या आसपास जाते, म्हणून गच्चीच्या कडेने, भिंतीलगत ठेवा आणि सोसायटीला विचारून. बॅगेखाली दोन विटा ठेवल्या तर पाणी निचरतं आणि स्लॅबवर ओल धरत नाही. यंदा १२ इंची एकही घेणार नाही. १५ इंची आणखी चार मागवल्यात, वांग्यासाठी.