सांगली-मिरज रस्त्यावरचं कार्यालय: लग्नघरच्या नजरेतून

कार्यालय बघायला जाल तेव्हा स्टेज नंतर बघा, आधी न्हाणीघरं बघा. इथले मॅनेजर मला एलईडीची भिंत दाखवायला निघाले होते. मी म्हटलं, "दादा, आधी गिझर दाखवा." मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे शंभरेक माणसं सकाळी एकाच वेळी उठली की पाण्याचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न इथं झालं. पाहुण्यांची व्यवस्था वहिनी आणि मी बघत होतो.

मुंबईकडची मंडळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणार, म्हणजे मिरजेत उतरणार भल्या सकाळी. बऱ्याच कार्यालयांत ताबा लग्नाच्या दिवशी सकाळी मिळतो आणि तोवर पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे राहतात. इथं आदल्या दिवशी दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ताबा असतो आणि पावतीवर तसं लिहूनही देतात. रिक्षा आल्या तेव्हा फाटक उघडं होतं, चहाचं आधण चुलीवर होतं, खोल्यांतल्या गाद्यांवर धुतलेल्या चादरी होत्या. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला याहून वेगळं काही नको असतं. आपण फक्त एक करावं: कोणती खोली कोणाची ते कागदावर लिहून दारांवर चिकटवावं, आणि किल्ल्या घरातल्या एकाच माणसाकडे ठेवाव्यात. तो माणूस नवरीच्या आईवडिलांपैकी नसावा. त्यांना त्या दिवशी कोणी किल्ली मागायला जाऊ नये.

पाणी सोलरचं आहे आणि ते सात-साडेसातपर्यंतच कढत येतं. नंतरच्यांसाठी गिझर आहेत, पण वरच्या मजल्यावर धार बारीक येते. तक्रार केल्यावर माणूस लगेच आला, तरी मूळ अडचण टाकीच्या उंचीची आहे. म्हाताऱ्या माणसांना पहिल्या मजल्यावरच खोल्या मागून घ्या.

आता माझा खरा आक्षेप. लिफ्ट हॉलपर्यंत येते, भोजनगृह मात्र तळघरात आहे आणि तिथं उतरायला फक्त जिना आहे. व्हीलचेअरवरच्या आमच्या मामींना लग्न बघता आलं, पंगतीत बसता आलं नाही. मॅनेजरांनी हॉलशेजारच्या खोलीत टेबलं लावून दिली, वाढपी गरम वाढून वर आणत होते आणि मामींसोबत आम्ही घरातली चार माणसं जेवायला बसवली. वागणूक उत्तम होती, पण इमारतीतली उणीव वागणुकीनं भरून निघत नाही. कार्यालय ठरवण्याआधी गाडी थांबते त्या जागेपासून हॉल, भोजनगृह आणि स्वच्छतागृह हा सगळा रस्ता स्वतः चालून बघा. गुडघे दुखणारं माणूस बरोबर नेलंत तर फारच चांगलं.

जेवण कार्यालयाच्याच आचाऱ्यांचं होतं, बाहेरचा केटरर चालत नाही. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलेबी, पंचामृत असा साधा बेत आम्ही सांगितला होता. अळू अप्रतिम होतं, त्यातले शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ नीट शिजलेली होती. मठ्ठा शेवटच्या पंगतीपर्यंत गार होता. जिलेबी मात्र सकाळी तळून ठेवलेली, दोनच्या पंगतीला मऊ पडली होती. तुम्ही ती गरम तळायला लावा.

मुहूर्त दुपारी साडेबारानंतरचा होता. मधुमेह असलेल्या माणसांना तोवर उपाशी ठेवणं हा माझ्या मते यजमानांचा दोष आहे. म्हणून उप्पीट आणि ताक आम्ही अकरापर्यंत चालू ठेवलं आणि दारात उभ्या असलेल्या मुलींना प्रत्येकाला विचारायला सांगितलं, "नाश्ता झाला का?" या एका प्रश्नानं किती माणसं सुखावली! आटपाडी-जतकडच्या लोकांना परतीची एसटी गाठायची होती, त्यांची पानं पहिल्या पंगतीत धरली. विहिणींची पंगत शेवटी, रांगोळ्या घालून, निवांत.

ताटांचा हिशेब लग्नाआधी समजून घ्या. आपण ठरावीक ताटांची हमी देतो, माणसं कमी आली तरी तेवढे पैसे द्यावे लागतात. जास्त उठलेल्या ताटांचे वेगळे. उष्टी ताटं ठेवतात तिथं आमचा एक भाचा आणि त्यांचा एक माणूस असे दोघं मोजत होते आणि दर पंगतीनंतर चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होत होत्या. शेवटी एका ताटाचाही वाद झाला नाही.

आदल्या दिवशी हळदीच्या वेळी वळीव आला आणि वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला, पण त्यावर दिवे आणि पंखे चालतात, एसी चालत नाही. डिझेलचे पैसेही तासावर वेगळे लागतात. ही गोष्ट आम्हाला आधी सांगितली होती, तुम्ही मात्र न विसरता विचारा. अंगणातला कार्यक्रम त्यांच्या पोरांनी भराभर आत हलवला. रात्री दहाला मॅनेजरांनी साउंड बंद करायला लावला. वरपक्षाची तरुण मंडळी नाराज झाली, पण दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही हा कायदाच आहे, आणि वर आमची लहान मुलं झोपली होती. हळद सहाला सुरू करा म्हणजे नाचायलाही वेळ मिळतो.

अक्षतांऐवजी गुलाबाच्या पाकळ्या द्यायचा विचार होता. इथली फरशी गुळगुळीत आहे, त्यावर पाकळ्या चिरडल्या की पाय घसरतो, म्हणून मी तो मोडून काढला. तांदूळच दिले, पण चिमूटभर. मंगलाष्टकांचंही गुरुजींशी आधीच बोलून ठेवलं होतं. प्रत्येक घरात एखादी मावशी स्वतः रचलेलं मंगलाष्टक घेऊन येते आणि तिला नाही म्हणवत नाही. पण अंतरपाटाशी नवरानवरी शालू-शेल्यात, मे महिन्यात, किती वेळ उभी राहणार? दोन्ही घरांची मिळून तीन आणि बाकीची गुरुजींची, असं ठरलं आणि सगळ्यांनी पाळलं.

एक काम मंडप उठायच्या आत करून टाका. विवाह नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते, आणि नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. नंतर गुरुजी दुसऱ्या गावी लग्न लावत असतात आणि साक्षीदार आपापल्या घरी जातात. आम्ही जेवणं झाल्यावर ऑफिसातच सह्या घेतल्या, टेबल-खुर्ची मॅनेजरांनी दिली.

अनामत सांगितलेल्या दिवशी परत आली. फुटलेल्या ताटल्यांचे पैसे कापले होते, पण यादी जोडलेली होती आणि ती बरोबर होती. भाडं तारखेप्रमाणे बदलतं, म्हणून आकडा लिहीत नाही. जीएसटी, डिझेल, साफसफाई धरून एकूण किती, असंच विचारा. एका पंगतीला दीडशे पानं बसतात, त्यामुळे साडेचारशे माणसांपर्यंत हे कार्यालय उत्तम. त्यापुढे चौथी पंगत बसेपर्यंत ऊन कलतं आणि लोक कंटाळतात.

पुढच्या वर्षी धाकट्या दिरांच्या मुलाचं लग्न आहे. भोजनगृहापर्यंत लिफ्ट नाहीतर उतार करा, असं मॅनेजरांना लेखी देऊन आले आहे. तो झाला तर तारीख इथलीच धरणार.