स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी: तत्त्वज्ञान इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली माझी मुलं पुढे तत्त्वज्ञान घेऊन बीए, एमएला जातात. तिथे इंग्रजी पुस्तकं हातात पडली की त्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, क्वालिया म्हणजे काय?" प्रत्येकाला मी आधी स्टॅनफर्डचा हा ऑनलाइन कोश उघडायला सांगते.

1995 मध्ये एडवर्ड झाल्टा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तो सुरू केला. वाचायला पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत. प्रत्येक नोंदीवर लेखकाचं नाव असतं, प्रसिद्ध होण्याआधी ती त्या विषयातले जाणकार तपासतात, आणि पहिल्यांदा कधी आली, मोठी दुरुस्ती कधी झाली हे वरच छापलेलं असतं.

माझ्या मते या कोशाची खरी ताकद क्वालियाच्या नोंदीत दिसते. साध्या शब्दकोशात 'अनुभवाचा गुणधर्म' असं काहीतरी मिळेल आणि विद्यार्थी ते पाठ करील. इथे नोंदीचे लेखक मायकेल टाय पहिल्याच भागात सांगतात की तत्त्वज्ञ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरतात, आणि ते अर्थ एकेक करून मांडतात. मिरची चावल्यावर जे जाणवतं त्याची विशिष्ट जात, एवढाच अर्थ घेतला तर क्वालिया आहेत हे बहुतेकांना मान्य होईल. पण भौतिक नसलेला, शब्दांत न सांगता येणारा गुणधर्म असा अर्थ घेतला की लगेच वाद पेटतो. म्हणजे 'क्वालिया असतात का?' या परीक्षेतल्या प्रश्नाला आधी कोणता अर्थ धरला ते सांगितल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. हे एकदा समजलं की विद्यार्थी पुढचा प्रत्येक लेख वेगळ्या सावधपणे वाचतो. मी हा बदल मुलांमध्ये पाहिला आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते.

ओळखीचे वाटणारे शब्द तर जास्त फसवे. 'इंटेन्शनॅलिटी' दिसलं की मुलं हेतू, इरादा धरून वाचत जातात आणि तिसऱ्या पानावर अडकतात. मनातला विचार कशाबद्दल तरी असतो, त्या 'बद्दल असण्या'ला हा शब्द आहे. मध्ययुगीन पंडितांचा हा शब्द तत्त्वज्ञ फ्रान्झ ब्रेंटानो यांनी 1874 मध्ये पुन्हा चर्चेत आणला, ही हकिगतही नोंदीत मिळते. 'व्हॅलिड'चंही तसंच. सगळे मासे उडतात, बांगडा मासा आहे, म्हणून बांगडा उडतो: हा युक्तिवाद तर्कशास्त्रात व्हॅलिडच आहे, कारण आधारविधानं खरी मानली तर निष्कर्ष खोटा ठरू शकत नाही. रोजच्या इंग्रजीतला 'व्हॅलिड पॉइंट' डोक्यात असेल तर हे पटता पटत नाही.

आता अडचणी. झटपट एका ओळीचा अर्थ हवा असेल तर इथे येऊ नका. नोंदी लांबलचक आहेत, आणि काहींमध्ये तर्कशास्त्राची चिन्हं दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होतात. सुपरव्हीनियन्सची, म्हणजे एका प्रकारचे गुणधर्म दुसऱ्या प्रकारच्या गुणधर्मांशी कसे बांधलेले असतात याची, नोंद पहिल्या वर्षाच्या मुलाला मी देणार नाही. त्यातलं पहिलं सूत्र, म्हणजे 'ब' गुणधर्मांत फरक पडल्याशिवाय 'अ' गुणधर्मांत फरक पडू शकत नाही, एवढं वहीत उतरवून घ्यायचं आणि पुढे जायचं. अगदी नवख्यांना इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी सोपा जातो. आणि मराठी संज्ञा हवी असेल तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे खंड महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागून घ्या. ते जुने असले तरी माझ्या टेबलावर असतात.

वाचायची रीत मी अशी सांगते: प्रस्तावना पूर्ण वाचा, मग अनुक्रमणिकेतून हवा तोच भाग उघडा, आणि शेवटची 'संबंधित नोंदी' ही यादी चुकवू नका. याच यादीतून हिंडत मी अभिजात भारतीय तर्कशास्त्रावरच्या नोंदीपर्यंत पोहोचले. न्याय आणि बौद्ध परंपरेतलं अनुमान तिथे आजच्या तर्कशास्त्राच्या इंग्रजी परिभाषेत मांडलेलं आहे. आमच्या मुलांना हे फार उपयोगी, कारण पक्ष, हेतू (इथे अर्थ कारण), दृष्टांत हे अनुमानाचे घटक त्यांना आधीच माहीत असतात आणि तिथून इंग्रजी परिभाषा उमगत जाते.

प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक पाहावं. नोंदी बदलत राहतात, त्यामुळे नुसता दुवा देऊन भागत नाही. कोशाची प्रत दर तीन महिन्यांनी कायमची जतन होते. ती कोणत्या वर्षाची, कोणत्या हंगामाची, हे तळटीपेत लिहा. हा संदर्भ कसा लिहायचा तेही प्रत्येक नोंदीसोबत तयार मिळतं.