गणपती पेठेतलं भडंग: चवीला पाच स्टार, पण तेवढा स्पीकर बंद करा

सांगलीत भडंगाचा रिव्ह्यू काय लिहायचा असं कुणी म्हणेल, पण गणपती पेठेतल्या या छोट्या दुकानाबद्दल लिहायलाच पाहिजे असं मला वाटतं. शेवटी एक तक्रार पण आहे म्हणून नाव टाकत नाही, पेठेत जाणाऱ्यांना लसणाच्या वासावरून कळेलच.

आधी भडंगाबद्दल. काका चुरमुरे आधी कढईत कोरडेच परततात, ओल पूर्ण जाईपर्यंत, मग दुसरीकडे तेलात शेंगदाणे, सालीसकट ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट, आणि मीठ-पिठीसाखर सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. साखर गरम तेलात पडली की वितळते आणि चुरमुरे चिकट होतात, मग कुरकुर गेलीच. आणि भडंगात कुरकुर गेली की राहिलं काय, मला तर अर्धी चव कानातच असते असं वाटतं आणि हे मी उगाच म्हणत नाहीये. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मॅसिमिलियानो झॅम्पिनी यांनी यावर खरंच प्रयोग केलाय, २००४ चा. लोकांना हेडफोन लावून मायक्रोफोनसमोर प्रिंगल्स, म्हणजे बटाट्याच्या चिप्स, चावायला लावल्या आणि चावण्याचा आवाज त्याच क्षणी थोडा बदलून परत त्यांच्याच कानात सोडला. चिप्स सगळ्या सारख्याच, पण आवाज मोठा केला किंवा त्यातला बारीक, उंच पट्टीचा भाग वाढवला की लोक म्हणायचे ही जास्त कुरकुरीत आहे, ताजी आहे. याला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं बक्षीस. मला तर हे वाचून काकांचं ते कोरडं परतणं किती बरोबर आहे ते कळलं. पावसाळ्यात चुरमुऱ्याने हवेतली ओल धरली की तो दाताखाली तुटत नाही, नुसता दबतो, आवाजच येत नाही, मग मसाला तोच असला तरी आपण म्हणतो शिळं आहे.

रंगाबद्दल पण बोलायचंय कारण बरेच जण इथलं भडंग बघून 'फिक्कट दिसतंय, तिखट नसेल' म्हणून पुढे जातात. थांबा आणि खाऊन बघा, चांगलं झणझणीत आहे. लालभडक रंग ब्याडगी मिरचीने पण येतो आणि ती तिखटाला बेताचीच असते. डोळे जिभेला किती फसवतात याचं उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोचा २००१ चा प्रयोग, वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग टाकून दिली तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं! शिकलेल्यांची ही गत तर आपलं काय.

लसूण मात्र नाकाचं काम आहे. माझ्या आतेबहिणीला दुकानासमोरच नाक दाबून एक घास खायला लावला, म्हणाली खारट, गोड आणि तिखट लागतंय, बाकी काही नाही. नाक सोडलं आणि तिचा चेहराच बदलला, लसूण, कढीपत्ता, भाजलेला शेंगदाणा सगळं एकदम आलं. घास तोंडात असताना वास घशामागून नाकात चढतो म्हणून असं होतं, सर्दीत जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. तिखट तर धड चव पण नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरलाच, म्हणजे मज्जातंतूंवरच्या सेन्सरलाच, चालू करतं, म्हणून तर तोंड 'भाजतं'. तो रिसेप्टर १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधला आणि २०२१ ला त्यांना नोबेल मिळालं, खरंखुरं.

आता तक्रार. दुकानात हल्ली दाराशीच मोठा स्पीकर लावलाय, संध्याकाळी तर इतका जोरात असतो की किलो-अर्धा किलो ओरडून सांगावं लागतं. तिथेच उभं राहून द्रोणात कांदा-लिंबू घातलेलं भडंग खाल्लं तर मीठ-साखर दोन्ही कमी वाटली, तेच द्रोण घेऊन कोपऱ्यावर शांत जागी गेलो तर बरोबर लागलं. हा भास नाहीये. २०११ च्या एका अभ्यासात मोठ्या आवाजात लोकांना खारट आणि गोड दोन्ही कमी जाणवलं होतं, आणि २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विमानाच्या केबिनसारखा आवाज ऐकवला तर गोड दबलं आणि उमामी, म्हणजे टोमॅटोत असते ती चव, उलट वाढली.

काकांना म्हटलं, "काय ओ काका, एवढं जपून मीठ-साखर घालताय आणि स्पीकर ती खातोय की!" तर म्हणाले, "ताई, पोराने लावलाय, गिऱ्हाईक येतंय म्हणतो." अहो, गिऱ्हाईक चवीला येतंय तुमच्या! निदान संध्याकाळी खाणारे उभे असतात तेव्हा तरी आवाज कमी करा, मनापासून विनंती.

बाहेरगावी न्यायचं असेल तर दुपारी जा, ताजा घाणा नुकताच निघालेला असतो, पिशवी तिथेच सील करून घ्या आणि घरी गेल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. कांदा-लिंबू खायच्या वेळेलाच घाला, आधी अजिबात नको.