सुट्टीत अंक की कादंबरी?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सांगलीच्या ऑफिसात बोनसच्या खालोखाल चर्चा होते ती सुट्टीत कोण काय वाचणार याची. सरळ दोन तट पडतात, अंकवाले आणि कादंबरीवाले. मी दोन्हीकडे राहून आलोय, म्हणून यंदा ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी चार शब्द.

अंकवाल्यांची बाजू तशी भक्कम. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ही आपली रीतच झालीय. पाव तास मिळाला तरी एखादा लेख हातावेगळा होतो, नाही पटला तर पान उलटायचं. विकत घ्यायचे तर खिसा हलका होतो, म्हणून कोणी वाचनालयाची योजना घेतं, कोणी ऑफिसात वर्गणी काढून अंक फिरवतं. फिरत्या अंकांतला चांगला अंक हाती येईपर्यंत तुळशीचं लग्न उरकलेलं असतं, एवढं धरून चाला. कथा ऐन रंगात आली की एखाद्या पतसंस्थेचं अख्खं संचालक मंडळ हात जोडून आडवं येतं, त्याचीही सवय होते.

मला सवय झाली नाही ती पाहुण्यांची. टीपॉयवर अंक दिसला रे दिसला की भाऊबीजेला आलेले दाजी तो उचलणार. आधी वार्षिक राशिभविष्य, तेही घरातल्या प्रत्येकाची रास विचारून, मोठ्यानं. चिवड्याची तेलकट बोटं पानाला, खूण म्हणून कोपरा दुमडलेला. आणि निघताना, “एसटीत वाचतो, देतो पाठवून.” आता दाजींना नाही कोण म्हणणार? अंक विट्याला जातो तो जातोच. अर्धी कथा माझ्या डोक्यात, उरलेली तिकडे. त्यातून अंक वर्गणीतला असला तर पुढची पाळी ज्याची आहे तो सुट्टी संपल्यापासून रोज माझ्या टेबलापाशी उभा.

कादंबरीला हा उपद्रव नाही. पाचशे पानांचा ठोकळा कोणी मागत नाही. हातात घेतात, “बरंच मोठं आहे की,” म्हणतात आणि गुपचूप खाली ठेवतात. खोट एकच. मध्ये दोन दिवस पाहुण्यांत गेले की आबासाहेब कोण आणि त्यांची धाकटी सून कुठली, हे शोधायला मागची पानं उलटावी लागतात. मी नावं एका चिठ्ठीवर टिपून तीच खुणेला ठेवतो. वसुबारसेच्या आत पहिली शे-सव्वाशे पानं मागे टाकली, तर पुढे दुपारी घर झोपलेलं असताना कादंबरी आपोआप पळते. निदान माझी तरी पळते.

किंडलवाले आमच्यात थोडेच. त्यांतल्या गावभागातल्या एकाची पुस्तकं २०१९ च्या पुरात गेली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हाची गोष्ट. त्याच्यापुढे मी कागदाचं कौतुक करत नाही. ऐकणाऱ्यांचंही बरं चाललंय, चकल्या पाडताना कान मोकळेच असतात. आणि पाचगणीकडे निघाला असाल तर ओझं नेऊच नका. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथल्या घराघरांत बसून वाचता येतं. तिथे मात्र कादंबरीला हात लावू नका, उठवत नाही.

ज्यांच्याकडे माणसांची वर्दळ कमी, किंवा ज्यांना एकाच विषयात आठवडाभर अडकायचा कंटाळा, त्यांनी खुशाल अंक घ्यावेत, त्यांना माझं म्हणणं लागू नाही. पण भाऊबीजेला घरात पंधरा चपला दिसत असतील तर एकदा कादंबरी घेऊन बघा. वर्गणी मी यंदाही देणार आहे. माझ्या पाळीचे अंक तेवढे दाजी गेल्यावर पाठवा, असं सांगून ठेवलंय.