लोकलला एक नाव, सर्व्हरवर दुसरं: अपस्ट्रीम लावायचं कसं?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि ब्रँच म्हणजे त्यातली कामाची वेगळी शाखा. टीमचा नियम म्हणून सर्व्हरवर ब्रँचचं नाव ‘बिलिंग/हॉटफिक्स/राउंडिंग’. एवढं लांबलचक नाव दिवसातून दहा वेळा कोण टाइप करणार? म्हणून लोकलला (आपल्या मशीनवर) नुसतं ‘राउंडिंग’ ठेवलं आणि ‘गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू’ वापरून दोन्ही जोडली. अशी जोडलेली सर्व्हरवरची ब्रँच म्हणजे लोकल ब्रँचचं अपस्ट्रीम. पुल (सर्व्हरवरचे बदल आणणं) झकास चाललं. मग आपले बदल सर्व्हरवर पाठवायला साधं ‘गिट पुश’ मारलं आणि गिट अडून बसलं: अपस्ट्रीमचं नाव तुमच्या ब्रँचच्या नावाशी जुळत नाही. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन.)

बहुतेक जण इथे अपस्ट्रीम पुन्हा पुन्हा लावून बघतात. पण अपस्ट्रीम आधीच बरोबर लागलेलं असतं. कॉन्फिग फाइलमध्ये ब्रँचच्या नावाखाली दोन ओळी असतात, ‘रिमोट’ (कुठला सर्व्हर) आणि ‘मर्ज’ (तिथली कुठली ब्रँच), आणि पुल व स्टेटसला तेवढ्या पुरतात. पुश कुठल्या नावाने जायचं ते मात्र ‘पुश.डीफॉल्ट’ ठरवतं. 2014 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीपासून ते ‘सिंपल’ आहे: नावं सारखी असतील तरच पुश.

पहिली वाट म्हणजे सिंपलला हात न लावता दर वेळी ‘गिट पुश ओरिजिन हेड:बिलिंग/हॉटफिक्स/राउंडिंग’ लिहायचं (ओरिजिन हे सर्व्हरचं नाव, हेड म्हणजे चालू ब्रँच). सुरक्षित, पण ज्या टायपिंगला कंटाळून आखूड नाव घेतलं तेच पुन्हा गळ्यात.

दुसरी वाट ‘पुश.डीफॉल्ट’ला ‘अपस्ट्रीम’ करायची. मग साधं ‘गिट पुश’ थेट जोडलेल्या ब्रँचवर जातं, नाव काहीही असो. सोय भारी आहे, पण मी ती ग्लोबल सेटिंगमध्ये टाकली आणि तोंडघशी पडलो. जुन्या नोकरीतली गोष्ट. ‘गिट चेकआउट -बी बिल-पीडीएफ ओरिजिन/मेन’ करून काम सुरू केलं. रिमोट ब्रँचवरून नवी ब्रँच काढली की गिट आपणहून तीच अपस्ट्रीम म्हणून लावतं, हे डोक्यातच नव्हतं. संध्याकाळी पुश केलं आणि शेवटच्या ओळीत बाणाच्या एका टोकाला ‘हेड’ किंवा ‘बिल-पीडीएफ’ असं काहीतरी, दुसऱ्या टोकाला ‘मेन’. मेन म्हणजे सगळ्यांची मुख्य ब्रँच, आणि तिला कुलूप नव्हतं. अर्धवट काम सगळ्यांच्या पुलमध्ये गेलं. सिंपलने हेच पुश अडवलं असतं.

ही वाट घ्यायचीच तर सेटिंग त्या एका रेपोपुरतं (प्रोजेक्टपुरतं) ठेवा आणि ‘ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज’ला ‘सिंपल’ करा. 2022 च्या 2.37 पासून ही सोय आहे. नावं सारखी असतील तरच अपस्ट्रीम आपोआप लागतं. गिट जुनं असेल तर ब्रँच काढताना ‘--नो-ट्रॅक’ द्या.

माझी पसंती या दोन्हींच्या मधली. सेटिंग सिंपलच, पण एक एलियस (कमांडचं आखूड टोपणनाव) करून ठेवायचं: ‘-सी पुश.डीफॉल्ट=अपस्ट्रीम पुश’. म्हणजे त्या एका पुशपुरताच नियम बदलतो. लांब नाव टाइप करावं लागत नाही, आणि सवयीने मारलेलं साधं पुश पूर्वीसारखंच अडतं.

‘पुश.डीफॉल्ट’ला ‘करंट’ आणि 2.37 मधलंच ‘पुश.ऑटोसेटअपरिमोट’ हेही लोक सुचवतात. पहिलं लावलंत तर सर्व्हरवर ‘राउंडिंग’ नावाची भलतीच ब्रँच उगवेल. दुसरं अपस्ट्रीम मुळात नसेल तेव्हाच कामाला येतं. ‘रिमोट.ओरिजिन.पुश’मध्ये तारांकन वापरून सगळ्या नावांना ‘बिलिंग/’ जोडता येतं खरं, पण मग एका पुशमध्ये लोकलच्या सगळ्या ब्रँच जातात, अर्धवट प्रयोगांसकट. मला ते परवडत नाही.

फोर्कवर (मूळ प्रोजेक्टच्या स्वतःच्या प्रतीवर) काम करत असाल तर प्रश्नच वेगळा. मूळ प्रोजेक्टकडून पुल, स्वतःच्या फोर्ककडे पुश. तिथे अपस्ट्रीम मूळ प्रोजेक्टच्या मेनलाच राहू द्या आणि ‘रिमोट.पुशडीफॉल्ट’मध्ये फोर्कचं नाव घाला. पुल आणि पुशचे रिमोट वेगळे असले की सिंपल अपस्ट्रीमचं नाव तपासत बसत नाही, लोकल नावानेच पुश करतं.

काहीही निवडलंत तरी पहिल्या पुशआधी ‘गिट ब्रँच -व्हीव्ही’ बघा. चौकटी कंसात अपस्ट्रीम दिसतं. ‘--ड्राय-रन’ने पुश केलंत तर तो बाण काही न पाठवताच दिसतो. आणि अपस्ट्रीम लावतानाच ‘अशी ब्रँच नाही’ म्हणत असेल तर क्लोन (सर्व्हरवरून पहिली प्रत उतरवणं) ‘--डेप्थ’ देऊन केलं होतं का ते आठवा. त्यात एकच ब्रँच येते. ‘गिट रिमोट सेट-ब्रँचेस --ॲड ओरिजिन’पुढे हवं ते नाव द्या, फेच करा (सर्व्हरवरची माहिती आणा), मग अपस्ट्रीम लागेल.