आरोग्याचा डेटा आणि उत्खननाचा डेटा: कोणता किती खुला ठेवावा?

आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यातील एक ओळ पाहू: गावाचे नाव, स्त्री, वय ३४, प्रसूतीची तारीख, हिमोग्लोबिन. बाईचे नाव काढून टाकलेले आहे. तरीही हजार-बाराशे वस्तीच्या गावात त्या तारखेला कोण बाळंत झाले, हे शेजारणीला विचारावे लागत नाही. त्याशेजारी उत्खननाच्या नोंदवहीतील ओळ ठेवू: चर क्रमांक, थर, खोली, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेले दोन कुंभ, आत बालकाची हाडे. इथे झाकण्यासारखे नाव मुळातच नाही. झाकायचे असलेच तर ते ठिकाण. आपल्या विद्यापीठाने दोन्ही विभागांसाठी एकच डेटा-धोरण करावे की वेगवेगळे, हे ठरवू पाहणाऱ्यांनी आधी हा फरक लक्षात घ्यावा.

नावे वगळली की आरोग्याचा डेटा निनावी झाला, हा समज १९९०च्या दशकातच खोटा ठरला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने संशोधनासाठी दिलेल्या, नावे नसलेल्या रुग्णनोंदी संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि केवळ जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांच्या आधारे खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. म्हणूनच यूके बायोबँकेसारखा ब्रिटनमधील आरोग्य-संशोधनाचा प्रकल्प, ज्यात २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयोगटातील सुमारे ५ लाख स्वयंसेवक सहभागी झाले, आपला डेटा कोणालाही सहज उतरवून घेऊ देत नाही. संशोधकाला अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि अटी मान्य कराव्या लागतात. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सहभागी व्यक्तीच्या संमतीला मध्यवर्ती स्थान देतात, तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधनाला सवलत देताना दोन अटी घालतो: त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. जुन्या संमतीपत्रात ‘फक्त या अभ्यासासाठी’ असे लिहिलेले असेल, तर तो डेटा परस्पर खुला करता येत नाही. नैतिकता समितीकडे पुन्हा जावेच लागते.

पुरातत्त्वात मात्र जोखमीचे पारडे दुसऱ्या बाजूला झुकते, कारण उत्खनन आपला पुरावा स्वतःच संपवत जाते. एकदा काढलेला थर परत रचता येत नाही. उरतात ती रेखाचित्रे, छायाचित्रे, मोजमापे आणि पिशव्यांत भरलेली खापरे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या दोनशेहून अधिक दफनांतील सांगाड्यांवरून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा आहार, दातांची कीड आणि बालमृत्यू यांचा अभ्यास होऊ शकला, तो थराथराची नोंद टिकल्यामुळे. अशी नोंद कपाटात पडून राहिली, तर ते स्थळ दुसऱ्यांदा नष्ट झाल्यासारखेच असते. त्यामुळे इथे खुलेपणा हा नियम असावा आणि गुप्तता अपवाद. तो अपवाद अक्षांश-रेखांशांचा: गुप्तधनाच्या आशेने पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) टेकाडे रातोरात उकरली जातात, तेव्हा असुरक्षित स्थळाचे अचूक स्थान न देता तालुक्यापर्यंतचाच उल्लेख करावा आणि नेमके आकडे मागणाऱ्या संशोधकाला स्वतंत्रपणे द्यावेत.

डेटा ठेवण्याच्या जागांतही असाच फरक आहे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस १९९६पासून फक्त पुरातत्त्वासाठी काम करते. वाचणाऱ्याला ती विनामूल्य आहे, जमा करणाऱ्याला मात्र शुल्क द्यावे लागते. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने २०१३मध्ये सुरू केलेले झेनोडो हे ऑनलाइन भांडार कोणत्याही विषयाचा डेटा फुकट घेते, एका नोंदीला साधारण ५० जीबी जागा देते आणि डीओआय, म्हणजे त्या नोंदीचा कायमचा ओळखक्रमांकही देते. उत्खननाच्या तक्त्यांना आणि छायाचित्रांना ते बऱ्यापैकी पुरते. झेनोडोवर प्रवेश मर्यादित ठेवता येतो, पण मग येणाऱ्या प्रत्येक विनंतीला जमा करणाऱ्यानेच उत्तर द्यायचे असते, आणि पीएच.डी. आटोपून विद्यार्थी दुसऱ्या गावी गेला की ती विनंती त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते. रुग्णांच्या डेटासाठी ही व्यवस्था मला अपुरी वाटते. त्याचे वर्णन, प्रश्नावली आणि रकान्यांची यादी खुशाल झेनोडोवर ठेवावी. मूळ तक्ता विद्यापीठाच्या समितीच्या ताब्यात असावा.

प्राचीन सांगाडे या दोहोंच्या मध्ये येतात. हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचे ६१ नमुने तपासल्यावर केवळ एका स्त्रीच्या हाडातून पुरेसा डीएनए मिळाला. २०१९मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात शोधनिबंध आला आणि तिचा जनुकीय डेटा युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्ह या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक संग्रहात खुला झाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीच्या घराकडे आज कोणी बोट दाखवू शकत नाही, आणि डीएनएसाठी हाडाचा अंश दळावाच लागतो, म्हणजे उत्खननासारखाच इथेही पुरावा संपतो, म्हणून असा डेटा खुला ठेवण्याकडेच माझा कल आहे. हाडे शे-दीडशे वर्षांपूर्वीची असतील आणि ज्ञात कुटुंबाची किंवा समाजाची असतील, तर मात्र त्यांना आरोग्याच्या डेटाचेच नियम लावावेत आणि त्या लोकांना आधी विचारावे.

दोन्ही विभागांना एकच अर्ज ठेवायचा झाला, तर त्यात एक रकाना सक्तीचा करावा: पाच वर्षांनंतर या डेटाविषयीच्या विनंतीला उत्तर कोण देणार? तिथे विद्यार्थ्याचे नाव न घेता पदाचा उल्लेख घ्यावा.